ट्रॅक्टरचें वंगण आणि ग्रीस-गनची निवड

बैलगाडीच्या साट्याखालीं लोंबणारें वंगणाचें नळकांडें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस वंगणाचें महत्त्व नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. एरंडेल तेल व जळक्या चिंध्यांची काजळी यांचें तें काळें वंगण आंसास लावल्यावांचून शहाणा गाडीवान लांबच्या वाटेस लागत नसे. चाक कुरकुरूं लागलें कीं त्याला स्वतःलाच कमीपणा वाटे. पण गाडीस आंसाच्या दोन टोंकांखेरीज वंगणाची अशी जागा नव्हती, व हयगय झालीच तर चाक आपण होऊन ओरडून सांगे. ट्रॅक्टर व त्यास जोडावयाचीं अवजारें यांचें तसें नाहीं. तेथें वंगणाच्या जागा पुष्कळ, त्यांपैकीं कित्येक चिखलानें झांकलेल्या, आणि इंजिनाच्या आवाजांत कोणता सांधा तक्रार करीत आहे तें ऐकूं येत नाहीं. सांधा मोडतो तेव्हांच कळतें.

आमच्या बाबतींत असेंच झालें. महसूल खात्यांतील नोकरींत जन्म गेल्यामुळें जें काम झालें तें लिहून ठेवण्याची संवय आम्हांस जडली आहे, व घरीं ट्रॅक्टर आल्यापासून त्याचीही एक वही आम्ही ठेवतों. एका वर्षीं मृगाचा पाऊस चांगला झाला, चवथ्या दिवशीं वाफसा आला, आणि पेरणीपूर्वीं रोटाव्हेटरची शेवटची पाळी चालूं असतांना ट्रॅक्टरपासून रोटाव्हेटरकडे जाणाऱ्या शाफ्टाचा क्रॉस मोडला. वहींत पाहिलें तों 'क्रॉस, ग्रीस भरलें' अशी नोंद रोजच्या रोज होती, आणि ती खोटीही नव्हती; गडी रोज सकाळीं गन लावीत असे हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. कारागिरानें क्रॉसच्या चारही वाट्या उघडल्या तेव्हां एकींत ग्रीस निघालें. उरलेल्या तिन्हींत तांबड्या गंजाची पूड व झिजलेल्या सुया. गनच्या तोंडाच्या पकडी झिजून सैल झाल्या होत्या. त्यामुळें दांडा दाबला कीं ग्रीस निपलाच्या आंत न जातां त्याच्या बाजूनें बाहेर येई, व बाहेर आलेलें ग्रीस पाहून सांधा भरला असें गडी समजे. दप्तरांत सर्व कांहीं यथास्थित होतें. त्या मापाचा क्रॉस तालुक्याच्या गांवीं मिळाला नाहीं, जिल्ह्याहून आणावा लागला, आणि तो येईपर्यंत वाफसा उडाला. अर्ध्या रानाची पेरणी पुढील पावसावर गेली. एका क्रॉसची किंमत ती काय, पण त्या वर्षीं त्या अर्ध्या रानाचें जें उणें आलें तें वर्षभर जाणवलें. त्यानंतर या विषयाकडे आम्ही थोडें बारकाईनें पाहूं लागलों; त्यांतून जें हातीं लागलें तें येथें देत आहों.

प्रथम ग्रीस म्हणजे काय तें पाहूं. ग्रीस म्हणजे घट्ट केलेलें तेल ही समजूत अर्धीच खरी आहे. वंगणाचें काम तेलच करितें. तें सांध्यांतून वाहून जाऊं नये म्हणून त्यांत एक प्रकारचा साबण मिसळलेला असतो, आणि ओल्या स्पंजांत पाणी राहावें तसें त्या साबणाच्या जाळ्यांत तेल राहतें. हा साबण कोणत्या क्षाराचा यावर ग्रीसचे गुण ठरतात. चुन्याच्या साबणाचें ग्रीस पाण्यास दाद देत नाहीं, परंतु सुमारें ६० अंश सेल्सिअसच्या पुढें तें टिकत नाहीं. सोड्याच्या साबणाचें ग्रीस उष्णता सोसतें, पण पाण्यानें धुऊन जातें. चिखलणीच्या कामास तें निरुपयोगी. लिथियम या धातूच्या साबणाचें ग्रीस पाणी व उष्णता दोन्ही बऱ्यापैकीं सोसतें. अमेरिकेंत क्लॅरेन्स अर्ल यानें १९४२ सालीं याचें पेटंट घेतलें, व आज ट्रॅक्टरसाठीं सर्वसाधारणपणें हेंच ग्रीस वापरतात. डब्यावर 'लिथियम' हा शब्द आहे कीं नाहीं तें वाचून घ्यावें. रंगावरून कांहीं ठरवूं नये. निळा, तांबडा, हिरवा हे रंग बाहेरून घातलेले असतात व त्यांचा गुणाशीं संबंध नसतो.

डब्यावर दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे घट्टपणाचा क्रमांक. अमेरिकेंतील ग्रीस उत्पादकांच्या १९३३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें हे क्रमांक ठरविले आहेत, व संस्थेच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यांस 'एन. एल. जी. आय.' क्रमांक म्हणतात. पातळाहून पातळ ग्रीस तीन शून्यांचें, तर सर्वांत घट्ट ६ क्रमांकाचें. २५ अंश उष्णतेस ठराविक वजनाचा शंकू ग्रीसवर सोडून तो पांच सेकंदांत किती खोल रुततो हें मोजतात. २ क्रमांकाच्या ग्रीसमध्यें तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर, व ३ क्रमांकाच्या ग्रीसमध्यें २२ ते २५ मिलिमीटर रुततो. यंत्राच्या पुस्तकांत निराळें सांगितलें नसेल तर गननें भरावयाच्या सर्व जागांसाठीं २ क्रमांकाचें ग्रीस घ्यावें. ३ क्रमांकाचें ग्रीस पुढील चाकांच्या हबमध्यें हातानें भरण्यास चांगलें. पण थंडीच्या दिवसांत पहाटे तें हातगनमध्यें नीट सरकत नाहीं, मध्यें हवेच्या पोकळ्या राहतात, व दांडा हालतो तरी तोंडांतून कांहींच येत नाहीं.

दोन जातींचीं ग्रीसें एकत्र करूं नयेत. लिथियमच्या ग्रीसमध्यें मातीच्या किंवा पॉलियुरियाच्या आधारावर केलेलें ग्रीस मिसळल्यास पुष्कळदां दोन्ही फुटून तेल वेगळें होतें व वाहून जातें. जात बदलावयाचीच असेल तर बेअरिंग धुऊन, पुसून मग नवें भरावें.

आतां गनविषयीं. बाजारांत आज मिळणाऱ्या प्रकारांपैकीं पुढून दाबावयाची लहान पिचकारी ट्रॅक्टरच्या कामाची नव्हे. ती सोडून देऊं. पिस्तुलाच्या मुठीची गन एका हातानें चालते व दुसरा हात नळी धरावयास मोकळा राहतो, ही तिची सोय खरी. परंतु एका दाबास ग्रीस थोडें येतें व दाबही कमी पडतो, म्हणून तुंबलेल्या निपलापुढें ती हार खाते. लांब दांड्याची गन दोन्ही हातांनीं चालवावी लागते. तिच्या एका दाबास साधारण एक ग्रॅम ग्रीस येतें, आणि चांगल्या गनचा दाब एका चौरस इंचावर १०,००० पौंडांपर्यंत जातो. बादलीचा पंप पांच-दहा किलो ग्रीस एकदम घेतो. दोन-तीन ट्रॅक्टर, मळणीयंत्रें व भाड्याचीं कामें ज्यांच्याकडे आहेत त्यांनीं तो घ्यावा, एरवीं त्यांतील ग्रीस वर्षभर धूळ खात पडतें. हवेच्या दाबावर व बॅटरीवर चालणाऱ्या गनही आतां मिळतात. त्यांनीं श्रम वांचतात यांत शंका नाहीं. पण सांधा भरत आल्यावर दांडा जड होऊं लागतो ती हातास मिळणारी सूचना त्यांत मिळत नाहीं, व नवशिक्याच्या हातून बेअरिंगाचें सील फुटून जातें. एका ट्रॅक्टरच्या घरास सुमारें ५०० ग्रॅम ग्रीस मावेल अशी लांब दांड्याची गन पुरेशी आहे असें आमचें मत आहे.

दुकानांत गन घेतांना गिऱ्हाईक बहुधा नळकांड्याचा रंग व वजन पाहतो. पाहावयाचें तें तोंड. गनच्या टोंकाशीं निपलास पकडणारें जें लहान तोंड असतें, ज्यास दुकानदार कपलर म्हणतात, त्यांत तीन किंवा चार पकडी असतात. त्या कठीण पोलादाच्या असाव्यात. नव्या निपलावर तें तोंड सरळ दाबलें असतां 'टक्' असा आवाज होऊन पकड बसावी, व गन सोडली तरी तोंड निपलास धरून राहावें. दुकानासमोर एखादा ट्रॅक्टर उभा असेल तर धन्याची परवानगी घेऊन त्याच्या निपलावर चार दाब देऊन पाहावे. बाजूनें ग्रीस आलें तर ती गन परत ठेवावी. हातानें दाबून घट्ट बसणारें खटक्याचें तोंडही आतां निराळें विकत मिळतें. तें थोडें महाग व जाड असतें, आणि अडचणीच्या जागीं शिरत नाहीं, परंतु क्रॉससारख्या ठिकाणीं फार उपयोगी पडतें. तोंड हें झिजणारें आहे, गनबरोबर जन्मभर पुरणारें नव्हे, हें लक्षांत ठेवून एक जादा तोंड घरांत असावें. आमच्या घरीं हें आठ दहा आण्यांच्या किमतीचें म्हणून दुर्लक्षिलें गेलें असें म्हणण्याची सोय नाहीं, कारण आण्यांचा काळ गेला. तरी क्रॉसच्या मानानें त्याची किंमत कांहींच नव्हती.

तोंडाखालोखाल नळी. वांकडी लोखंडी नळी मोकळ्या जागेस बरी. अडचणीच्या जागेस फूट-सव्वा फूट लांबीची लवचिक नळी हवी. दोन्ही बरोबर घ्याव्यात. नळकांड्याच्या झांकणाचे आटे हातानें फिरवून पाहावेत, ते सरळ व खोल असावेत. आंतील दट्ट्याचें रबर पिळवटलेलें नसावें. हवा काढून टाकण्यासाठीं डोक्यावर लहान स्क्रू किंवा खटका आहे ना तेंही पाहावें. तो नसलेली गन भरल्यावर दर खेपेस अर्धा तास खाते.

गन घरीं आणल्यावर एक काम अवश्य करावें. कागदाच्या तुकड्यावर वीस दाब ग्रीस काढून तें लहान काट्यावर तोलावें व वजनास विसानें भागावें. म्हणजे आपल्या गनच्या एका दाबास किती ग्रीस येतें तें कळतें, आणि तो आंकडा गनवर रंगानें लिहून ठेवावा. याचा उपयोग विहिरीवरील विजेच्या मोटारीसारख्या ठिकाणीं होतो, जेथें जादा ग्रीस कमी ग्रीसइतकेंच घातक असतें. बेअरिंगाचा बाहेरील व्यास व रुंदी मिलिमीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यास ०.००५ नें गुणावें; येईल तितके ग्रॅम ग्रीस एका वेळेस पुरे. उदाहरणार्थ, ६२०६ क्रमांकाच्या बेअरिंगाचा बाहेरील व्यास ६२ व रुंदी १६ मिलिमीटर. हिशेब सुमारें ५ ग्रॅमचा येतो, म्हणजे वर सांगितलेल्या गनचे पांच दाब. हातीं गन आहे म्हणून पंचवीस दाब दिले तर आंतील ग्रीस घुसळून तापतें, तेल सुटतें व बेअरिंग जळतें. दोन्ही बाजूंनीं बंद केलेल्या बेअरिंगास तर मुळींच भरावयाचें नसतें.

ट्रॅक्टरच्या पिनी, बुशी व क्रॉस यांचा न्याय उलट आहे. तेथें जुनें ग्रीस व त्याबरोबर आलेलें पाणी व रेती बाहेर पडून नवें दिसूं लागेपर्यंत भरावें. क्रॉसला निपल एक व वाट्या चार असतात. चारही वाट्यांच्या कडांतून नवें ग्रीस डोकावलें पाहिजे. एखाद्या वाटींतून येत नसेल तर शाफ्ट थोडा हालवून, तिच्यावरील भार सोडवून पुन्हां दाब द्यावा. भाराची ही गोष्ट पुढील आंसासही लागू आहे. चाकांवर ट्रॅक्टर उभा असतां मधल्या पिनीवर व किंगपिनवर सारें वजन असतें, आणि ग्रीस जिकडे मोकळें असेल तिकडूनच निघून जातें. ज्या बाजूस घर्षण आहे ती बाजू कोरडी राहते. म्हणून महिन्यांतून एकदां तरी पुढील आंस जॅकनें उचलून, खालीं मजबूत लांकडी ठोकळे देऊन, मागील चाकांस अडसर लावून मग या जागीं ग्रीस भरावें. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये.

गन लावण्यापूर्वीं निपल फडक्यानें पुसावें, हें वाचकांस क्षुल्लक वाटेल. निपलाच्या तोंडाशीं एक लहान गोळी व तिच्यामागें स्प्रिंग असते. ऑस्कर झर्क नांवाच्या गृहस्थानें काढलेली ही युक्ति, तिचें पेटंट १९२९ सालचें. या गोळीवर बसलेली माती न पुसतां गन लावली तर ती पहिल्या दाबासरशी सांध्यांत जाते, व माती मिसळलेलें ग्रीस वंगण न राहतां कानशीचें काम करूं लागतें. गोळी अडकली असेल तर बारीक तारेनें हलकेंच दाबून पाहावी. न सुटल्यास निपल काढून डिझेलमध्यें धुवावें किंवा सरळ नवें बसवावें. निपलें सरळ, ४५ अंशांचीं व काटकोनाचीं मिळतात, व आटे ६, ८, १० मिलिमीटरचे असे निरनिराळे असतात. आपल्या यंत्रास लागणाऱ्या मापांचीं दहा-बारा डबींत असूं द्यावींत.

ग्रीस कधीं भरावें? यंत्राबरोबर मिळालेलें पुस्तक हें पहिलें प्रमाण. सामान्यतः शाफ्टाच्या क्रॉसला आठ तासांच्या कामागणिक, पुढील आंस, स्टिअरिंगचे सांधे व पायखुंट्या यांस धुळीच्या दिवसांत रोज व एरवीं पन्नास तासांनीं असा क्रम धरतां येतो. कोंकणांत किंवा भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीस ट्रॅक्टर घातला असेल तर चिखलांत बुडणाऱ्या प्रत्येक जागेस रोज ग्रीस पाहिजे, यांत सूट नाहीं. पुष्कळ लोक सकाळीं निघतांना भरतात. आम्ही आतां संध्याकाळीं काम संपल्यावर भरतों. सांधा ऊन असतां ग्रीस सहज आंत शिरतें, आणि दिवसभर आंत गेलेलें पाणी रात्रभर गंज चढविण्यापूर्वीं बाहेर निघतें.

साखळ्यांस ग्रीस लावूं नये, तेल द्यावें. ग्रीसवर धूळ चिकटून साखळी व दांते दोन्ही झिजतात. इंजिनांतून काढलेलें जळकें तेल सर्वत्र चोपडण्याचीही एक चाल आहे. त्यांत काजळी व धातूचे बारीक कण असतात, व तें वर्षानुवर्षें कातडीस लागत राहणें अपायकारक आहे. पट्ट्यांस, रबरी बुशींस व क्लचच्या कोरड्या तबकड्यांस यांपैकीं कांहींच लागतां कामा नये.

आतां एक धोक्याची गोष्ट, जी गन विकणारा सांगत नाहीं. वर १०,००० पौंड दाबाचा उल्लेख केला आहे. लवचिक नळीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें आणि त्यावर बोट असलें तर एवढ्या दाबाचें ग्रीस कातडी भेदून आंत शिरतें. बाहेरून केवळ टोंचल्यासारखा ठिपका दिसतो, प्रथम दुखतही फारसें नाहीं, आणि म्हणून मनुष्य पट्टी बांधून कामास लागतो. आंत मात्र तें ग्रीस बोटाच्या शिरांबाजूंनीं पसरत जातें व कांहीं तासांत बोट, कधीं हातही, गमावण्याची वेळ येते. असें झाल्यास ठिपका कितीही लहान असो, त्याच घटकेस शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत जावें, व दाबानें ग्रीस आंत गेलें आहे हें शब्द योजून डॉक्टरांस सांगावें. साधी जखम समजून ते टांका घालूं शकतात. नळी जेथें चिरली, फुगली किंवा मुरडली दिसेल तेथें चिकटपट्टी न गुंडाळतां नळी बदलावी. नळीवर हात ठेवून दाब देऊं नये, आणि गन चालते कीं नाहीं तें तोंडावर अंगठा दाबून तर कधींच पाहूं नये. इंजिन बंद, किल्ली खिशांत, अवजार जमिनीवर टेकलेलें, हें पूर्ण झाल्यावरच शाफ्टाजवळ हात न्यावा. फिरत्या शाफ्टास धोतराचा सोगा किंवा उपरण्याचें टोंक लागलें तर मनुष्यास सुटावयास अवधि मिळत नाहीं.

गन भरतांना डब्याचें झांकण काम होतांच लावावें. उघड्या डब्यांत बोटभर खोलीपर्यंत धूळ बसते. भरावयाची रीत अशी कीं, डोकें काढून नळकांड्याचें उघडें तोंड ग्रीसमध्यें बुडवावें व दांडी हळूहळू मागें ओढावी, म्हणजे पोकळी न राहतां ग्रीस आंत ओढलें जातें. हातानें गोळे कोंबल्यास हवा हमखास राहते. डोकें बसविल्यावर हवेचा स्क्रू थोडा सैल करून ग्रीस दिसेपर्यंत दाब द्यावेत, मग तो घट्ट करावा.

आमच्या वहींतील 'ग्रीस भरलें' हा रकाना आम्हीं त्या वर्षींच काढून टाकला. त्या जागीं आतां तारीख, यंत्राचे तास, किती दाब दिले, व क्रॉसच्या चार वाट्यांपैकीं किती वाट्यांतून नवें ग्रीस बाहेर आलें, असे चार रकाने आहेत. शेवटच्या रकान्यांत तीनचा आंकडा लिहिलेला दिसला तर दुसऱ्या दिवशीं शाफ्ट खोलल्याशिवाय ट्रॅक्टर रानांत जात नाहीं.